अण्णांची जागा

आमचं घर कराडात, संगमाकडं उतरणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा सोपा. सोप्यातल्या खुंट्यांवर वाद्यं टांगलेली आणि कपडे आपले दोरीवर, अशी आमच्याकडची तऱ्हा. पाहुणा आला की आधी ढोल सरकवायचा, मग त्याला बसायला पाट. अण्णा, म्हणजे आमचे वडील, लग्नाच्या बँडमध्ये क्लारनेट वाजवत. शाळेतल्या बाई त्याला क्लॅरिनेट म्हणायच्या, पण आमच्या घरात ते क्लारनेटच होतं आणि इथंही मी तसंच लिहिणार आहे. सकाळी आईच्या भाकरीच्या थापा ऐकू यायला लागल्या की अण्णा उठून चुलीपुढं बसत आणि वाद्याची पत्ती ओठांत धरून भिजवत. तेवढ्या वेळात त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून आई नेमकी तेव्हाच घरातल्या सगळ्या तक्रारी त्यांच्यापुढं मांडायची. ते नुसती मान डोलवत. पत्ती भिजली की चहात शिळी भाकरी कुस्करून खायची आणि कामावर निघायचं. लग्नसराई नसली तर सोप्यात बसून आम्हाला शिकवायचं.

आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. त्याचं दुःख आमच्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त होतं. थोरली शालन, तिला आम्ही अक्का म्हणायचो. मधली मी, शाळेच्या दाखल्यावर विजया पण गल्लीला बेबी. आणि धाकटी सुमी. अण्णांनी अक्काच्या हातात हलगी दिली. सुमीला बेंजो दिला, आपल्याकडं मिरवणुकीत असतो तो, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेला. आणि मला खुळखुळा. मी रुसले तेव्हा अण्णा म्हणाले, "बेबे, ह्या दोघी चुकल्या तर लोकास्नी कळतंय. तू चुकलीस तर ह्या दोघी चुकत्यात." हे त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं की मनापासून, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पुढं सरकारी दवाखान्यात नर्स होऊन लोकांच्या नाड्या मोजत जन्म गेला, तेव्हा मात्र ती शिकवण उपयोगी पडली.

अक्का हलगी उत्तम वाजवायची, पण तिचा जीव क्लारनेटात होता. परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ती अण्णांच्या पुढ्यात बसून त्यांची बोटं बघायची. आधी अण्णांनी हसण्यावारी नेलं. मग एकदा ते पान खायला बाहेर गेले असताना तिनं वाद्य उचललं आणि त्यांच्याच चालीची पहिली ओळ काढली. अण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्या दिवसापासून ते तिला मागच्या खोलीत शिकवायला लागले, क्लारनेटाच्या खालच्या तोंडात जुन्या धोतराचा बोळा कोंबून. पोरगी फुंकायला लागलीय म्हटल्यावर गल्ली दारात गोळा झाली असती. त्या बोळ्यामुळं आवाज असा यायचा की कुणीतरी गोधडीत तोंड खुपसून गातंय. हळदीसाठी अण्णांनी स्वतः बांधलेली एक चाल होती, ती तिला सगळी आली तेव्हा ते म्हणाले, "माझ्या माघारी हे तुझं. आमच्या बँडात तुला कोण उभं करणार न्हाई, पर तुमच्या तिघींत तू वाजीव." अक्का म्हणाली, "आवं, असलं काय बोलू नगासा." पण ते बोलणं तिनं पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं, हे मला माहीत आहे. मी तिच्या शेजारीच झोपायची.

एका लग्नसराईच्या शेवटी अण्णा छातीत कफ घेऊन घरी आले आणि आखाड लागायच्या आत गेले. आमच्या घराण्यात एक रीत होती. वाजवणारा माणूस गेला की वर्षभर त्याचं वाद्य कुणी तोंडाला किंवा हाताला लावायचं नाही. बाकीच्यांनी वाजवणं थांबवायचं नाही, कारण पोट थांबत नाही. पण जिथं जिथं त्या माणसाचं वाजवणं यायचं, तिथं इतरांनी गप्प व्हायचं आणि त्याची जागा मोकळी सोडायची. वर्षश्राद्ध झालं की मग त्या जागी ज्याला बसायचं त्यानं बसायचं. लहानपणी मी आईला विचारलं होतं, असं का? आई पीठ मळता मळता म्हणाली, "त्येला वाजवाया नगं व्हय?" माझं समाधान झालं. खरं सांगायचं तर अजूनही आहे.

अण्णा असतानाच आम्ही तिघी बायकांच्या कार्यक्रमांना वाजवायला लागलो होतो. हळद, डोहाळजेवण, बारसं, गौरींचे खेळ. बायकांत बाप्यांचा बँड चालायचा नाही, वाजवणाऱ्या पोरींचा बाप-मामा तेवढा चालायचा, त्यामुळं आमचं बरं जमलं. बँडातून सवड मिळाली की अण्णा आमच्यात क्लारनेट धरायचे. सोबतीला मामा असायचा, आईचा भाऊ. तो सगळी वाद्यं वाजवायचा आणि एकही धड नाही, पण सामान उचलायला, हलगी जाळावर तापवायला आणि पोरींकडं वाकड्या नजरेनं बघणाऱ्याकडं त्याहून वाकडं बघायला त्याच्यासारखा माणूस नव्हता. अण्णांच्या माघारी आम्ही पहिल्यांदा वाजवलं ते असं: अक्काची हलगी, सुमीचा बेंजो, माझा खुळखुळा, आणि मध्ये मध्ये मोकळी जागा. सुमी बेंजोच्या फक्त जाड तारा वाजवायची, कारण बारीक तारांवरचा सूर अण्णांच्या सुरात मिसळायचा असायचा; तो सूरच नसल्यावर ती तिकडं बोट नेईना. अण्णांची ओळ आली की अक्का हात उचलायची, सुमी तारा दाबून धरायची आणि माझा खुळखुळा तेवढा चालू. आम्ही तिघी मनात त्यांची ओळ म्हणायचो. ती संपली की हलगी पुन्हा पडायची, तीही नेमकी एका क्षणी. त्या वेळी मी लोकांकडं बघायची नाही. बघितलं असतं तर रडू आवरलं नसतं.

विट्याला एका हळदीत रमणशेठ म्हणून सांगलीचे एक कॅसेटवाले पाहुणे म्हणून आले होते. बायकांच्या मांडवात त्यांना यायला मिळालं नाही, पण भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं आणि मामाला गाठलं. आम्ही सांगलीला गेलो. त्यांची रेकॉर्डिंगची खोली हळदीच्या गोदामावर होती. जिना चढतानाच नाकात हळद जायची, आणि सुमीला लागोपाठ शिंका. तिच्या शिंका थांबेपर्यंत शेठनी आम्हाला भडंग आणि चहा दिला. खोलीत एक पेटीवाले काका तयारीत बसून होते. आमचं एक गाणं ऐकल्यावर शेठ म्हणाले, "पोरींनो, मधे मधे जे थांबताय ना, तिथं काका पेटी भरतील. मोकळं मोकळं वाटतंय." मामा हो म्हणायच्या बेतात होता. अक्कानं हलगी खाली ठेवली. "ती जागा अण्णांची हाय. वरीस व्हायचं हाय अजून," ती म्हणाली. शेठना काही कळलं नाही, पण लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्यांना थांबायचं नव्हतं. पेटीवाले काका मात्र उठले आणि आपण होऊन पेटीला खोळ घातली. त्यांना कळलं असावं. परत येताना एसटीत अक्का खुशीत होती. म्हणाली, "ही हलगीची झाली. म्होरल्या कॅसेटला मी हाय."

ती कॅसेट इतकी का चालली, याचं उत्तर मला आज देता येतं, तेव्हा देता येत नव्हतं. टेंपोत, पिठाच्या गिरणीत, रसवंतीत, सगळीकडं तीच. कराडच्या स्टँडसमोर रसवंतीत आम्ही ती पहिल्यांदा बाहेरून ऐकली. हलगी, जाड तारा, मग अण्णांची जागा आली, आणि बाकड्यावर बसलेल्या पोरांनी त्या जागेत टाळ्या मारल्या. एकानं शिट्टी घातली. सगळे बरोबर एका वेळी, जसं काही ठरवून. हळदीच्या मांडवांतही तेच सुरू झालं. आम्ही थांबलो की बायका टाळ्या पिटायच्या, हुकारे द्यायच्या, नवरीच्या मावश्या त्या जागेत एक गिरकी घ्यायच्या. लोकांना वाटलं, आम्ही ती जागा त्यांच्यासाठी सोडलीय. मला राग यायचा. बापाच्या तेराव्याला कुणी फुगडी घालावी तसं वाटायचं. अक्का मात्र म्हणायची, "वाजवू देत टाळ्या. वरीस संपलं की मी हायेच की."

ते वर्ष तिनं लाटण्यावर काढलं. वाद्य हातात घ्यायचं नाही ही रीत, म्हणून ती पोळपाटापुढं बसली की लाटणं उभं धरायची आणि त्याच्यावर बोटं चालवायची. ओठ मिटलेले, गाल किंचित फुगलेले. चुलीवर डाळीचं घुटं शिजत असायचं, आई मिरच्यांचा खर्डा रगडत असायची, आणि अक्काची बोटं लाटण्यावर अण्णांची चाल वाजवत असायची. घरात आवाज काहीच नाही, तरी आम्हाला तिघींना ती कुठं आलीय ते कळायचं. एखादी अवघड जागा आली की आई रगडायची थांबायची आणि अक्कानं ती पार केली की पुन्हा रगडायला लागायची. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ संगीत ऐकलं. नातीनं पुण्यात मोठमोठ्या कार्यक्रमांना नेलं. त्या स्वयंपाकघराइतकं मन लावून मी कुठंच ऐकलेलं नाही.

वर्षश्राद्ध झालं. आईनं स्वतः पेटीतून क्लारनेट काढलं, पुसलं, अक्काच्या हातात दिलं आणि तिच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. पहिला कार्यक्रम कुंडलजवळच्या एका गावात, हळदीचा. हलगीला मामा बसणार होता. अक्का अंजिरी रंगाचं लुगडं नेसली, तिनं केसांत आबोली माळली. टेंपोत ती सारखी पत्ती भिजवत होती. मांडवात गेल्यावर बायकांनी आम्हाला ओळखलंच. कॅसेटवाल्या पोरी आल्या म्हणून गलका झाला. मामानं हलगी बरी धरली, सुमीच्या तारा लागल्या, बायका नाचायला लागल्या. मग अण्णांची जागा आली. बायकांचे हात टाळीसाठी वर गेले आणि अक्कानं क्लारनेट फुंकलं.

मी ते विसरणार नाही. बोळ्याशिवाय तिचं वाजवणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. अण्णांचीच चाल, पण अण्णा जिथं जोर लावायचे तिथं ती अलगद जायची, आणि शेवटच्या सुरावर जराशी थांबायची, दारातून निघताना माणूस मागं वळून बघतं तशी. माझा खुळखुळा क्षणभर चुकला असेल. आणि मांडव थांबला. वर गेलेले हात तसेच राहिले, मग खाली आले. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरीची एक चुलती पुढं आली, मायाळू बाई होती, तिनं अक्काच्या दंडाला हात लावून सांगितलं, "आगं, मधी ह्ये काय घातलंस? कॅसेटीत न्हाई ह्ये." आणि पाटावरून हळदीनं माखलेली नवरी म्हणाली, "ताई, आमाला कॅसेटीवानी वाजवा की. आमी समद्यांनी टाळ्या बशिवल्यात."

अक्का हसली. "ह्ये बी आयका तरी," म्हणाली, आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. या खेपेला जागा आली तेव्हा बायका थांबल्या नाहीत. त्यांनी आपल्या ठरल्या टाळ्या मारल्या, हुकारे दिले, आणि त्यांच्याखाली अक्काचं क्लारनेट मला हातभर अंतरावरून ऐकू आलं नाही. तिची बोटं चालत होती तेवढी दिसली, लाटण्यावर चालायची तशी. ओळ संपायच्या आधीच तिनं वाद्य खाली घेतलं. मामाच्या हातातून हलगी घेतली, जाळावर धरली, बोटानं टिचकी मारून बघितली आणि वाजवायला बसली. त्या दिवशी तिनं जशी वाजवली तशी हलगी मी कधी ऐकली नाही. नवरीची आई नाचून नाचून दमली. कुणाचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या घरी लग्न होतं, त्यांना आनंद हवा होता, आणि तो आमच्या मोकळ्या जागेत त्यांना सापडला होता. मला अजून कुणावर रागावता येत नाही, आणि राग तर जात नाही.

घरी आलो तेव्हा आई दारातच बसलेली. विधवा बाई, हळदीच्या मांडवात तिला कोण येऊ देणार? म्हणून तिचा सगळा जीव आमच्या येण्याकडं. "वाजीवलंस?" तिनं विचारलं. अक्का पायावर पाणी घेत होती. "व्हय," ती म्हणाली, "लोकास्नी लय आवाडलं." मामानं तोंड फिरवलं. सुमी काहीतरी बोलणार होती, तिला मी चिमटा काढला. आईनं त्या दिवशी शेवयाची खीर केली होती. अक्कानं ती मागून मागून खाल्ली.

पुढं रमणशेठनी दुसरी कॅसेट काढली. त्यांनी आपल्या परीनं प्रेमानंच सांगितलं, "शालन, क्लॅरिनेट गल्लोगल्ली आहे. तुमची ती मोकळी जागा कुणाकडं नाही." तोवर ती कुणाकडं नाही असंही राहिलं नव्हतं. कोल्हापूरपासून फलटणपर्यंतच्या बेंजो पार्ट्या मध्येच गप्प व्हायला लागल्या होत्या. ज्यांच्या घरी कुणी गेलेलं नव्हतं तेही जागा सोडायला लागले. अक्कानं दुसऱ्या कॅसेटलाही हलगीच वाजवली. मग तिचं लग्न होऊन ती जतकडं गेली. तिकडं पाण्याचा टँकर आला की सगळं गाव कळशा घेऊन धावायचं, सासूचं अर्धं बोलणं कानडीत, आणि वाजवणं वगैरे विषयच नव्हता. मी एकदा गेले असताना तिनं ट्रंकेतून क्लारनेट काढून दाखवलं. छिद्रांवरच्या गाद्या कसरीनं खाल्ल्या होत्या. मी म्हटलं, मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणते. "नगं," ती म्हणाली, "वठ मोडलं आता, फुंक धरत न्हाई." आणि ज्वारीची भाकरी करायला उठली.

आता माझी नात मला फोनवर काय काय दाखवते. आमचा तो ठेका कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी उचललाय, त्याच्यावर इंग्रजी गाणी बसवलीयत. नात म्हणाली, "आज्जी, ह्या प्रकाराला फंक म्हणतात. आणि तुमचं मिनिमल आहे, म्हणजे कमीत कमी वाजवलेलं." एका परदेशी बाईनं आमच्या पहिल्या कॅसेटवर मोठा लेख लिहिलाय, तो तिनं मला मराठी करून वाचून दाखवला. त्या बाईनं लिहिलंय की या मुलींना काय गाळायचं याची विलक्षण जाण होती. नात आनंदात होती. पण आम्ही काही गाळलं नव्हतं. आमचा बाप गेला होता.

मेहुणे वारल्यावर अक्का माझ्याकडं, कराडातल्या ह्याच घरात राहायला आली, आणि यंदा माघात तीही गेली. सुमी सांगलीहून आली. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या सोप्यात बसलो असताना तिनं विचारलं, "बेबे, अक्काची म्हणून कुठली जागा मोकळी सोडायची गं?" वाजवणं तर आम्ही दोघींनीही केव्हाच सोडलं होतं, तरी तिला ते विचारावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात, दुपार कलताना, गल्लीतून एक वरात आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरच्या खोक्यांची भिंत, आणि त्यातून अक्काची हलगी, सुमीच्या जाड तारा, माझा खुळखुळा, खाली जमीन हादरेल असा धमधमाट घातलेला. जागा आली, पोरांनी टाळ्या मारल्या. आमची भांडी फळीवर थरथरत होती. शेजारच्यांपैकी कुणीतरी पुढं होऊन सांगितलं असावं, कारण आमच्या दारासमोर येता येता आवाज एकदम बंद झाला. अक्काचा दुखवटा म्हणून त्यांनी अक्कालाच गप्प केलं होतं. टॉवेल खांद्यावर टाकलेला एक चाळिशीतला माणूस दारात आला. ट्रॉली त्याचीच होती. चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"मावशी, चुकलं आमचं. ठावं नव्हतं. चौकापातुर बंदच नेतो," तो म्हणाला. "कोण वारलं?"

"माझी थोरली बहीण."

"लय वंगाळ झालं. काय करत व्हत्या?"

सुमीनं माझ्याकडं बघितलं. बाहेर वरात मुकाट्यानं पुढं सरकत होती.

"क्लारनेट वाजवायची," मी म्हणाले.